ग्रीन टी, गोट्या आणि टिकली लावणारं एक प्रथिन

"गोट्यासाठी ग्रीन टीच्या गोळ्या मागवू का गं?" ताईचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ताई म्हणजे माझी मावसबहीण आणि गोट्या तिचा धाकटा. नऊ वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. मेसेजखाली कुणीतरी पाठवलेला मजकूर होता: डाऊन सिंड्रोम एका प्रथिनामुळे होतो, ग्रीन टीमुळे ते प्रथिन बंद पडतं, म्हणून रोज दोन गोळ्या द्या.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातले असे प्रश्न माझ्याकडे येतात. एरवी "नको" एवढं लिहून मी झोपले असते. पण या मजकुरात थोडं खरंही होतं, आणि ते खरं ताईला नीट कळावं असं मला वाटलं. रविवारी तिच्याकडे गेले आणि दोन तास बोलत बसले. तेच इथे लिहिते आहे, कारण असा प्रश्न पडलेली ती एकटी नाही.

सुरुवात गुणसूत्रांपासून करावी लागते. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. १९५९ मध्ये पॅरिसमधल्या जेरोम लेजन, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पाँ यांनी दाखवून दिलं की डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. हे आपलं सगळ्यांत छोटं गुणसूत्र. २००० साली त्याचा सगळा क्रम वाचून झाला. त्यावर प्रथिनं बनवणारी दोनशेहून अधिक जनुकं आहेत. गोट्याच्या पेशीत त्या प्रत्येक जनुकाच्या तीन प्रती आहेत, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच प्रथिनांचा माल साधारण दीडपट तयार होतो. म्हणजे मजकुरातलं पहिलं वाक्य तिथेच चुकलं. डाऊन सिंड्रोम एका प्रथिनाने होत नाही. मात्र त्या दोनशेंमध्ये एक प्रथिन असं आहे की ज्याच्या दीडपट होण्याने मेंदू, हृदय, रक्त असं बरंच काही हलतं. त्याचं नाव डर्क-वन-ए. ते प्रोटीन कायनेज या जातीचं आहे.

कायनेज म्हणजे काय, हे सांगायला मला गोट्यानेच उदाहरण दिलं.

ताईच्या ड्रेसिंग टेबलवर टिकल्यांचं पाकीट असतं. गोट्या त्यातली एकेक टिकली सोडवतो आणि घरभर लावतो. फ्रिजवर लावली, कपाटावर लावली, तर कुणी काही म्हणत नाही. पण रिमोटच्या लाल बटणावर टिकली लावली की टीव्ही बंद करायचा नाही, असा त्याने नियम केला आहे, आणि आजोबाही तो पाळतात. आजोबांच्या चष्म्याच्या डबीवर टिकली असेल तर डबी उघडायची नाही. टिकली तीच, पाकीटही तेच. ती कुठे बसली यावर सगळं ठरतं.

कायनेजचं काम हुबेहूब असंच आहे. पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो, पेशीच्या खर्चाची ती रोकड. त्याला फॉस्फेटचे तीन गट जोडलेले असतात. कायनेज त्यातला टोकाचा फॉस्फेट सोडवतं आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाच्या ठरावीक जागी चिकटवतं. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो बसला की त्या प्रथिनाची घडी थोडी बदलते, आणि घडी बदलली की काम बदलतं. एखादं सुरू होतं, एखादं थांबतं, एखादं पेशीच्या केंद्रकातून बाहेर काढलं जातं, एखाद्यावर "मोडीत काढा" अशी खूण होते. ही टिकली काढणारी वेगळी एन्झाइमं असतात, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. लावणं आणि काढणं सतत चालू असतं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात स्नायूंमधल्या एका एन्झाइमवर काम करताना हा प्रकार उलगडला आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात अशी पाचशेहून अधिक कायनेजं आहेत.

बहुतेक कायनेजांना स्वतःचं बटण असतं. वरून संदेश आला की ती जागी होतात, काम झालं की निजतात. डर्क-वन-एचं तसं नाही. ते पेशीत तयार होत असतानाच, पुरतं बनून बाहेर पडायच्या आत, स्वतःलाच एक टिकली लावून घेतं. त्याच्या साखळीत टायरोसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, त्यावर ती बसते, आणि त्या क्षणापासून ते कायमचं जागं. पुढे जन्मभर ते इतर प्रथिनांवर, सेरिन आणि थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर टिकल्या लावत राहतं.

ही गोष्ट मी ताईला दोनदा सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ज्याला बंद करायचं बटण नाही, त्याचं काम किती होणार हे ते किती तयार झालंय यावरच बरंचसं ठरतं. विरजणासारखं. कमी पडलं तर दूध लागत नाही, जास्त झालं तर दही आंबतं आणि पाणी सुटतं. बटण असलेलं प्रथिन दीडपट झालं तर पेशी ते निजवून सांभाळून घेऊ शकते. इथे तशी सोय नाही, म्हणून दीडपट माल म्हणजे साधारण दीडपट काम.

आणि कमी पडलं तर? त्याची गोष्ट माशीपासून सुरू होते. केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या बारक्या फळमाशीत शास्त्रज्ञांना एक वाण सापडला होता, ज्याच्या मेंदूचे काही भाग, विशेषतः डोळ्यांमागचे, नेहमीपेक्षा लहान होते. त्या जनुकाचं नाव ठेवलं मिनिब्रेन. १९९५ मध्ये ते जनुक हाती लागलं आणि ते कायनेजचं निघालं. वर्षभरात माणसातला त्याचा भाऊबंद सापडला, तो थेट एकविसाव्या गुणसूत्रावर. पुढे अशीही मुलं लक्षात आली ज्यांच्यात या जनुकाची एकच प्रत चालू आहे. त्यांचं डोकं लहान राहतं, बोलणं फार उशिरा येतं किंवा येतच नाही, काहींना फिट्स येतात, अनेकांत स्वमग्नतेची लक्षणं दिसतात. स्वमग्नतेशी जोडलेल्या जनुकांचे मोठे शोध झाले, त्यांतही हे नाव पुन्हा पुन्हा वर आलं.

म्हणजे एक प्रत कमी झाली तरी मेंदूची वाढ अडते, एक जास्त झाली तरी अडते. मजकुरात "प्रथिन बंद पाडा" असं लिहिलं होतं ना, ते म्हणून भीतिदायक आहे. गोट्याच्या बाबतीत काही करायचंच झालं तर दीड माप एकवर आणायचं. एकाच्या खाली उतरलं तर दुसराच त्रास सुरू होईल.

मेंदूत हे नेमकं करतं काय? गर्भात मेंदू घडताना मूळपेशी आधी भराभर विभागतात, संख्या वाढवतात, आणि मग हळूहळू विभागणं सोडून चेतापेशी होतात. विभागणी चालू ठेवणारं एक प्रथिन आहे, सायक्लिन डी-वन. डर्क-वन-ए त्यावर टिकली लावतं आणि पेशी ते मोडीत काढते. टिकल्या जास्त लागल्या की सायक्लिन लवकर संपतं, मूळपेशींचं विभागण्याचं चक्र बिघडतं, आणि पुढे चेतापेशींचा हिशोबच चुकतो. उंदरांत हे फार काळजीपूर्वक तपासलेलं आहे. डाऊन सिंड्रोमसारख्या उंदरांमध्ये फक्त या एका जनुकाची तिसरी प्रत काढून टाकली, बाकी जास्तीची जनुकं तशीच ठेवली, तरी त्यांचं शिकणं आणि लक्षात ठेवणं बरंच सुधारलं. दोनशेंतल्या एका जनुकाने इतका फरक पडावा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो लेख खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचला होता.

आता एनफॅट. पेशीत हे प्रथिन निरोप्याचं काम करतं. केंद्रकात शिरलं की ते बरीच जनुकं चालू करतं. पण शिरण्यासाठी त्याच्या अंगावरच्या टिकल्या निघाव्या लागतात. कॅल्सिन्युरिन नावाचं फॉस्फटेज त्या काढतं, एनफॅट आत जातं. आत डर्क-वन-ए पुन्हा टिकल्या लावायला सुरुवात करतं आणि एनफॅटला बाहेरचा रस्ता दाखवतं. एकविसाव्या गुणसूत्रावर आणखी एक जनुक आहे, आरकॅन-वन. त्याचं प्रथिन कॅल्सिन्युरिनचा हात धरून ठेवतं. म्हणजे गोट्याच्या पेशींत टिकल्या लावणारा दीडपट आणि काढणाऱ्याला अडवणाराही दीडपट. एनफॅटला आत जायलाच मिळत नाही. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या जेराल्ड क्रॅबट्री यांच्या गटाने हे दाखवलं. एनफॅट कमी पडलेल्या त्यांच्या उंदरांत चेहऱ्याची ठेवण, हृदय, रक्तवाहिन्या यांमध्ये डाऊन सिंड्रोमशी मिळतेजुळते फरक दिसले होते.

ताईला हे ऐकताना एकदम तिच्या दिरांची आठवण झाली. त्यांचं मूत्रपिंड बदललेलं आहे आणि ते रोज टॅक्रोलिमस घेतात. तिने सहज विचारलं की त्या गोळीचा याच्याशी काही संबंध आहे का. आहे! ती गोळी कॅल्सिन्युरिनलाच अडवते. प्रतिकारशक्तीच्या पेशींत एनफॅट आत गेलं नाही की त्या नव्या मूत्रपिंडावर चाल करून येत नाहीत. आणि अशा गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांना मधुमेह होतो तो यामुळेही, कारण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाही एनफॅटची गरज असते.

याच धाग्यावरून एक वेगळीच वाट फुटली. बीटा पेशी मोठ्या माणसात जवळपास वाढतच नाहीत, आणि मधुमेहाचं मोठं दुखणं तेच आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या अँड्र्यू स्टुअर्ट यांच्या गटाने एक लाखाहून जास्त रसायनं चाळून पाहिली. मानवी बीटा पेशींना विभागायला लावणारं एक सापडलं, हार्मिन. ते डर्क-वन-एला अडवतं. एनफॅट केंद्रकात टिकून राहतं आणि पेशी पुन्हा वाढू लागतात. हे रसायन हरमलच्या बियांत असतं. इराणात आणि आपल्याकडेही उत्तरेत नजर काढायला ज्याच्या बिया निखाऱ्यावर टाकतात, तेच हरमल. पुढे मधुमेहाच्या एका प्रचलित इंजेक्शनच्या जातीतलं औषध जोडीला दिल्यावर, उंदरांत बसवलेल्या मानवी बीटा पेशींचा साठा तीन महिन्यांत चार ते सात पट झाला. इथे मी मुद्दाम थांबून सांगते: बाजारातून हरमलच्या बिया आणून काढा करू नका. हार्मिन मेंदूवरही परिणाम करतं आणि नैराश्याच्या काही औषधांबरोबर घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

कर्करोगात तर हेच प्रथिन दोन्ही बाजूंना उभं असतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. विशेषतः बिंबाणू बनवणाऱ्या पेशींचा एक दुर्मीळ प्रकार त्यांच्यात शेकडो पटींनी जास्त दिसतो. त्याला गाटा-वन नावाच्या जनुकातला बिघाड लागतोच, पण डर्क-वन-ए त्याला हातभार लावतं हे २०१२ मध्ये दिसून आलं. समाधानाची बाब एवढी की या प्रकारात डाऊन सिंड्रोम असलेली मुलं केमोथेरपीला इतर मुलांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात. आणि दुसऱ्या बाजूला, मोठेपणी स्तनासारख्या अवयवांत होणारे गाठींचे कर्करोग या लोकांत लक्षणीय कमी आढळतात. गाठ वाढायला तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात. आरकॅन-वन आणि डर्क-वन-ए मिळून एनफॅटला बाहेर ठेवतात, तेव्हा रक्तवाहिन्यांना वाढीचा निरोपच नीट पोचत नाही. ज्या कुलपामुळे एक दार बंद, त्याच कुलपामुळे चोरही बाहेर.

इथवर आल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित होतं, तरी ऐकताना पोटात कालवलं. "चाळिशीत तो मला विसरेल का?"

डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरच्या खुणा जवळपास सगळ्यांत तयार होतात. चेतापेशींच्या बाहेर अमायलॉइडचे थर आणि आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते. प्रत्यक्ष विस्मरण पुढे, बहुतेकांत पन्नाशीच्या आसपास दिसू लागतं. डर्क-वन-ए यात दोन ठिकाणी हात घालतं. टाऊवर टिकली लावतं, आणि त्या एका टिकलीमुळे दुसऱ्या कायनेजला आणखी टिकल्या लावणं सोपं जातं. अशा टिकल्यांनी भरलेला टाऊ आपली जागा सोडतो आणि गुंता होतो. ज्या प्रथिनापासून अमायलॉइड बनतं त्या एपीपीवरही ते टिकली लावतं.

पण इथे मुख्य दोष डर्क-वन-एचा नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. एपीपीचं जनुकही एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे, आणि तेच खरं कारण. १९९८ मध्ये एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. तिला डाऊन सिंड्रोम होता, पण तिचं तिसरं एकविसावं गुणसूत्र अपुरं होतं, एपीपीची तिसरी प्रत त्यात नव्हती. ती ७८ वर्षं जगली, आणि तिला अल्झायमर नव्हता. एका माणसाच्या नोंदीवरून फार बोलू नये हे मी वर्गात नेहमी सांगते, पण ही नोंद तेवढं वजन पेलते. डर्क-वन-ए या आगीत तेल घालतं. आग लावणारं ते नाही. ताईला मी खोटा धीर दिला नाही. एवढंच सांगितलं की अमायलॉइडवरच्या औषधांचं काम याच लोकांना डोळ्यांसमोर ठेवूनही चालू आहे, आणि गोट्या नऊ वर्षांचा आहे.

आता ग्रीन टी. चहाच्या हिरव्या पानांत ईजीसीजी नावाचं रसायन असतं. ते डर्क-वन-एला अडवतं हे २००३ मध्ये परीक्षानळीत दिसलं. बार्सिलोनाच्या मारा डिएर्सन आणि राफाएल दे ला तोरे यांनी ते धागा धरून पुढे नेलं. २०१६ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. डाऊन सिंड्रोम असलेले १६ ते ३४ वयाचे ८४ जण, वर्षभर, सगळ्यांना बुद्धीला चालना देणारा सराव, त्यातल्या निम्म्यांना जोडीला ईजीसीजी. ज्यांना ते मिळालं त्यांची चित्रं ओळखून लक्षात ठेवण्याची शक्ती, स्वतःला आवरण्याची क्षमता आणि रोजची कामं जमणं यांत थोडा फरक दिसला. बाकीच्या बऱ्याच कसोट्यांत दिसला नाही. नंतर ६ ते १२ वर्षांच्या मुलांवर सहा महिन्यांची चाचणी झाली. दिलेल्या मात्रेत औषध सुरक्षित ठरलं, पण बुद्धीला फायदा होतो असं ठामपणे म्हणण्याइतकी ती मोठी नव्हती.

चाचणी आणि घरी मागवलेली डबी यांत फरक काय, हे तिने विचारलं, आणि योग्यच विचारलं. चाचणीत वजनावर मोजून मात्रा दिली जाते, मुलांचं यकृत वेळोवेळी तपासलं जातं, अर्कातून कॅफिन काढलेलं असतं. डबीत नेमकं किती ईजीसीजी आहे याचा भरवसा नाही, आणि जास्त मात्रेचा हा अर्क, खास करून उपाशीपोटी, यकृताला इजा करतो. दिवसाला ८०० मिलिग्रॅम आणि त्यावर यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, आणि तेही मोठ्या माणसांबद्दल. वाढत्या वयातल्या उंदरांना जास्त मात्रा दिली तेव्हा चेहऱ्याच्या हाडांची वाढ सुधारायच्या ऐवजी बिघडली. शिवाय ईजीसीजी फक्त डर्क-वन-एलाच धरत नाही, ते वाटेत भेटेल त्याला चिकटतं.

याहून नेमकी औषधं तयार होत आहेत. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोरां मेजेर यांनी समुद्री स्पंजातल्या एका रेणूवरून सुरुवात करून ल्युसेटिनिब-२१ बनवलं. लंडनमध्ये २०२४ साली ते गाभण उंदरांना दिलं, तेव्हा डाऊन सिंड्रोमसारख्या पिल्लांमधले हृदयाचे दोष काही प्रमाणात कमी झाले. हृदयाच्या दोषांसाठी डर्क-वन-ए हे एक जबाबदार जनुक आहे आणि सोबत आणखी एखादं आहे, हेही त्याच कामातून कळलं. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, गोट्यालाही होता, त्यामुळे ताई हे कान देऊन ऐकत होती. माणसांवर या औषधाची पहिल्या टप्प्याची चाचणी त्याच वर्षी सुरू झाली. पहिला टप्पा म्हणजे ते पचतं का, झेपतं का, एवढंच पाहणं. गुडघ्याच्या झिजेवरच्या एका इंजेक्शनमध्येही डर्क-वन-एला अडवणारं द्रव्य आहे, त्याच्या चाचण्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत.

"उद्या ती गोळी आली तर देऊ?" तिने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच बोलली, "मला माझा गोट्या बदलून नकोय. त्याला शर्टाची बटणं लावता यावीत, दुकानात सुटे पैसे मोजता यावेत, एवढंच हवंय." मला वाटतं, या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने औषधाचं यश मोजताना बुद्ध्यांकाच्या आधी हे दोन प्रश्न विचारावेत.

गोळ्या तिने मागवल्या नाहीत. त्याऐवजी मी तिला गोट्याच्या थायरॉइडची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारलं. दीड वर्ष झालं होतं. या मुलांत थायरॉइड मंदावणं फार सर्रास आढळतं, ते दरवर्षी बघायला हवं, आणि मंदावलं असेल तर शिकणंही मंदावतं. त्यावर स्वस्त, जुनी, खात्रीची गोळी आहे. कानांची तपासणीही राहिली होती. कानात पाणी साचून ऐकू कमी येत असेल तर स्पीच थेरपीला कितीही नेलं तरी त्याला शब्द नीट पकडता येणार नाहीत. सोमवारी सकाळी तिने दोन्हींची वेळ घेतली. मी निघताना माझ्या मोबाइलच्या बंद करायच्या बटणावर एक लाल टिकली लागलेली होती. ती अजून तशीच आहे.